आजीच्या ब्लाउजची बाही, आणि माझी हिरवीगार शीट

ज्यांना लोकलच्या गर्दीत किंवा मेसमध्ये जेवताना ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्यातले "म्हणजे" आणि "ॲक्चुअली" मी बरेच काढलेत, सगळे काही निघाले नाहीत.

आजचा विषय इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्या आजीपासून करावी लागेल. आजी ७९ वर्षांची. ती इस्लामपूरजवळच्या गावात असते, मी पुण्यात. आजोबा गेल्यावर मी तिच्यासाठी डिजिटल वजनकाटा आणि बीपीचं मशीन घेऊन गेलो. चुलतभाऊ दर रविवारी आकडे व्हॉट्सॲपवर टाकायचा, मी ते शीटमध्ये भरायचो. रंगही लावले होते. वजन दोन किलोनं घसरलं तर रकाना लाल. आठ महिने सगळं हिरवंगार. ४६, ४६.२, ४५.८, परत ४६. मध्ये एकदा शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात पूर्ण तपासणी करून आणली. जाडजूड फाइल मिळाली, "वयाच्या मानानं उत्तम" असं ऐकलं आणि आम्ही खुशीत घरी आलो.

दिवाळीत तिला ताप आला म्हणून तालुक्यातल्या एका छोट्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर माझ्याच वयाची असेल. मी पुढे केलेली फाइल तिनं बाजूला ठेवली. आजीच्या नडगीवर अंगठा दाबला, मनात काही आकडे मोजले आणि अंगठा उचलला. तिथे खड्डा पडला होता, आणि तो तसाच राहिला. मग कानशिलावरून बोट फिरवलं. दंडाची मागची कातडी चिमटीत धरली. "आजी, कवळी काढा बरं, आ करा." शेवटी पोटरीभोवती टेप गुंडाळली. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. मग माझ्याकडे वळून म्हणाली,

"या जेवतात का?"

"वजन तर आठ महिने स्थिर आहे, मॅडम."

"मी वजन नाही विचारलं."

माझी काकू तेव्हा हळूच म्हणाली, की वर्षभरात आत्यांच्या ब्लाउजच्या बाह्या दोनदा आत घेतल्या. शेजारच्या शिवणवाल्या बाईंनी दोन्ही वेळा टीप मारून दिली होती. (माझी आजी काकूची सख्खी आत्यापण लागते. नात्याचं गणित नंतर कधीतरी.) डॉक्टर म्हणाली, "हे या फाइलमध्ये नसणार." आजी मात्र आमच्यावरच करवादली, "वय झालंय माझं. आता काय पैलवान व्हायचंय व्हय?"

झालं होतं असं. बीपीच्या एका गोळीमुळे तिच्या पायात पाणी साठत होतं, आणि त्याच वेळी अंगावरचं मांस उतरत होतं. एक गोष्ट वाढत होती, दुसरी घटत होती, आणि काटा बेरीज दाखवत होता. आमच्या धंद्यात याला दोन बग एकमेकांना झाकतात असं म्हणतात. टेस्ट पास होते आणि सिस्टीम आतून पोखरलेली असते.

मला राग आला, बराचसा स्वतःचाच. आणि मग कुतूहल. ती मुलगी जे करत होती ते कुणी शोधलं? म्हाताऱ्या माणसाच्या अंगाला हात लावून तो उपाशी आहे का हे ओळखायची विद्या कुठून आली, आणि मोठ्या हॉस्पिटलातून गेली कुठे?

सुरुवात फार जुनी आहे. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथांमध्ये रोगाचं भाकीत कसं करावं यावर एक पुस्तक आहे, साधारण अडीच हजार वर्षांपूर्वीचं. त्यात मरणाच्या दारातल्या माणसाचा चेहरा वर्णन केलाय: नाक टोकदार झालेलं, डोळे खोल गेलेले, कानशिलं आत बसलेली, कपाळाची कातडी ताणलेली आणि कोरडी. वैद्यकाचे विद्यार्थी आजही याला "हिप्पोक्रेटिक चेहरा" म्हणतात. पण त्याच्या पुढची ओळ मला जास्त आवडते. असा चेहरा दिसला तर लगेच निकाल देऊ नका, आधी विचारा, असं तिथे म्हटलंय. झोप झाली नाही का? जुलाब झालेत का? अन्न मिळालं नाही का? तसं असेल तर धोका कमी आहे. म्हणजे मरणाचा चेहरा आणि भुकेचा चेहरा सारखाच दिसू शकतो, फरक कळायला विचारावं लागतं, हे तेव्हाच्या माणसाला ठाऊक होतं.

आपल्याकडे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आहे, त्यात अतिस्थूल आणि अतिकृश माणसांची चर्चा येते. अतिकृशाची खूण काय? कुल्ले, पोट आणि मान सुकलेली, शिरांचं जाळं वर आलेलं, कातडी आणि हाडं एवढंच उरलेलं, आणि सांधे मात्र जाड दिसणारे. हे शेवटचं बघा. सांधा जाड होत नाही, त्याच्या दोन्ही बाजूंचं मांस गेल्यामुळे तो जाड दिसतो. आजच्या आहारतज्ज्ञांना गुडघ्याभोवती नेमकं हेच बघायला शिकवतात.

मग अडलं कुठे? माझ्या मते, अडलं "वय झालं"पाशी. ग्रीक परंपरेत गॅलेननं म्हातारपण म्हणजे शरीर थंड आणि कोरडं होणं असं मांडलं. आयुर्वेदातही उतारवय हा वाताचा काळ, रुक्षतेचा. म्हणजे म्हातारा माणूस सुकणारच, हे आधीच ठरलेलं. तरुण सुकला तर रोग, म्हातारा सुकला तर निसर्ग. खुणा सगळ्यांना दिसत होत्या, पण म्हाताऱ्यांच्या बाबतीत त्या खुणा म्हणून कुणी वाचल्याच नाहीत. माझ्या आजीनं दवाखान्यात जे वाक्य टाकलं, ते दोन हजार वर्षं जुनं आहे.

आता मोठी उडी मारू, थेट एकोणिसाव्या शतकात. बेल्जियममध्ये ॲडॉल्फ केटले नावाचा खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्राचा माणूस होता. १८३० च्या दशकात त्यानं खूप लोकांची मापं गोळा केली आणि त्याला दिसलं की मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. त्याला "सरासरी माणूस" शोधायचा होता, कुणाची तब्येत तपासायची नव्हती. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ॲन्सेल कीज यांनी या भागाकाराला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं, आणि आज तो तुमच्या प्रत्येक फिटनेस ॲपमध्ये आहे. या कीज साहेबांना लक्षात ठेवा, ते थोड्या वेळात परत येतील.

मधल्या काळात एक छोटासा, पण भारी कागद येतो. साल १९३६, शहर क्लीव्हलँड. हायरम स्टडली नावाच्या सर्जननं पोटाच्या अल्सरचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. काही जण ऑपरेशननंतर मरत होते आणि त्याला कारण हवं होतं. वय, हृदयाची अवस्था, ऑपरेशनचा प्रकार, किती वेळ लागला, सगळं बघितलं. सगळ्यात स्पष्ट फरक एका साध्या प्रश्नात निघाला: ऑपरेशनआधी या माणसाचं वजन नेहमीपेक्षा किती टक्के उतरलं होतं? ज्यांचं २० टक्के किंवा जास्त उतरलं होतं, त्यांच्यात साधारण ३३ टक्के दगावले. बाकीच्यांत ३.५ टक्के.

यात महत्त्वाचं काय, तर तो वजनाचा आकडा नव्हता, उतार होता. आज किती आहे, त्यापेक्षा काय होतं आणि काय झालं. हे कळायला माणसाशी बोलावं लागतं. "तुमचे कपडे सैल झालेत का?" हा प्रश्न आज पोषण तपासणीत अधिकृतपणे विचारतात. ब्लाउजच्या बाह्या, बरं का.

पुढचा भाग जड आहे. ऑडिओत मी इथे थांबलो होतो.

१९४२. नाझींनी वॉर्सा शहरातल्या ज्यू लोकांना भिंतीआड कोंडलेलं होतं आणि मुद्दाम उपाशी ठेवलं होतं. त्या घेट्टोतल्या ज्यू डॉक्टरांनी, जे स्वतःही उपाशी होते, इस्रायल मिलेकोव्स्की यांच्या पुढाकारानं भुकेचा अभ्यास सुरू केला. वाचवायला अन्न नव्हतं, म्हणून निदान नीट नोंद तरी करू, असं त्यांनी ठरवलं. कातडी, केस, सूज, रक्त, हृदय, डोळे, सगळं त्यांनी पद्धतशीर तपासलं. त्या उन्हाळ्यात लोकांना ट्रेब्लिंकाच्या छावणीत न्यायला सुरुवात झाली आणि काम तुटलं. हस्तलिखित भिंतीबाहेर काढून एका पोलिश प्राध्यापकाकडे पोचवलं गेलं आणि १९४६ मध्ये छापलं गेलं. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण तोवर जिवंत नव्हते.

त्या नोंदींमधली एक गोष्ट आपल्या विषयाचा कणा आहे. भुकेनं मरणारा तरुण माणूस म्हाताऱ्यासारखा दिसू लागतो, आणि त्याचं मरण म्हातारपणाच्या मरणासारखं हळूहळू, शांत येतं, असं त्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय.

दोनच वर्षांनी, समुद्रापलीकडे, ॲन्सेल कीज यांचा प्रयोग. मिनेसोटा विद्यापीठात, फुटबॉल स्टेडियमच्या खालच्या खोल्यांमध्ये. लढायला तत्त्वतः नकार देणारे ३६ धडधाकट तरुण स्वखुशीनं आले. नोव्हेंबर १९४४ पासून वर्षभर हे चाललं. त्यातले २४ आठवडे त्यांना दिवसाला साधारण १,५७० कॅलरीवर ठेवलं आणि चालणं वगैरे चालूच ठेवलं. शरीराचं वजन साधारण पाव भागानं उतरलं. बसायला त्रास व्हायचा म्हणून ते उशी घेऊन फिरायचे, कारण कुल्ल्यांवर मांसच उरलं नव्हतं (चरकाची पहिली खूण!). भर उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजायची. जिना चढणं अवघड झालं. आणि घोटे सुजले.

सुजेबद्दल कीज यांनी जे लिहिलं ते वाचताना मी खुर्चीत सरळ झालो. उपाशी शरीरात मांस आणि चरबी जाते, पण पाणी त्या प्रमाणात जात नाही, म्हणून काट्यावर दिसणारी घट खऱ्या नुकसानापेक्षा कमी असते. त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ १९५० मध्ये आला. माझ्या शीटमधला बग त्यांनी सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वी छापून ठेवला होता.

आता हे दोन्ही उलट करून बघा. भूक तरुणाला म्हातारा बनवत असेल, तर म्हाताऱ्यात आपण जे "वय" म्हणून बघतो, त्यातलं किती खरंच वय असतं आणि किती भूक? सुकलेली कानशिलं, थंडी वाजणं, जिना नको वाटणं, गप्प बसून राहणं. आजीच्या बाबतीत आम्ही या चारही गोष्टी आजोबांच्या जाण्यावर आणि वयावर टाकल्या होत्या.

युद्धानंतर भुकेच्या तपासणीचं शास्त्र वाढलं, पण ते मुलांच्या वाट्याला गेलं, आणि ते योग्यही होतं. १९६६ मध्ये डेरिक जेलिफ यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी समाजाचं पोषण कसं तपासावं याचं पुस्तक लिहिलं. केस, डोळे, ओठ, हिरड्या, कातडी, नखं, सूज असं एकेक करून काय बघायचं ते त्यात आहे. अंगणवाडीत मुलांच्या दंडाला लावतात ती रंगीत पट्टी तुम्ही पाहिली असेल, तिचीही मुळं याच काळातली. म्हाताऱ्यांच्या दंडाला पट्टी लावायचं मात्र कुणाच्या फारसं मनात आलं नाही.

मग १९७४. अलाबामातले डॉक्टर चार्ल्स बटरवर्थ यांनी एक लेख लिहिला, मथळ्याचा अर्थ साधारण "हॉस्पिटलच्या कपाटातला सांगाडा". त्यांचं म्हणणं असं की अमेरिकेतल्या चांगल्या हॉस्पिटलांमध्ये रुग्ण उपाशी राहतायत, आणि ते डॉक्टरांच्याच हातून. तपासणीसाठी जेवण बंद, ऑपरेशनसाठी जेवण बंद, नुसत्या सलाईनवर दिवसेंदिवस. उंची-वजनसुद्धा धड लिहिलेलं नाही. त्याच वर्षी बॉस्टनमधल्या बिस्ट्रियन आणि ब्लॅकबर्न यांनी सर्जरीच्या वॉर्डात मोजमाप करून दाखवलं की जवळपास निम्म्या रुग्णांत प्रथिनांची कमतरता दिसते.

खळबळ उडाली. आणि खळबळ उडाली की आपण काय करतो? मेट्रिक शोधतो. मीही तेच केलं असतं. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन मोजायचं, कमी असेल तर कुपोषण. सोपं, स्वस्त, फाइलमध्ये छापून येणारं. अडचण एवढीच, की अल्ब्युमिन जंतुसंसर्गात आणि सुजेच्या आजारात पडतं, पोट भरलेलं असलं तरी. आणि निव्वळ उपासमारीत ते बराच काळ बऱ्यापैकी टिकूनही राहतं. अमेरिकेतल्या क्लिनिकल न्यूट्रिशनवाल्यांच्या संस्थेनं २०२० च्या सुमारास स्पष्ट सांगितलं की कुपोषण ओळखायला हे वापरू नका. तोवर पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर तो आकडा बघून समाधान मानत होते. माझ्या आजीच्या फाइलमध्येही तो होता. नॉर्मल.

आता टोरोंटो. आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग.

तिथे खुर्शीद जीजीभॉय नावाचे डॉक्टर होते (हो, पारशी आडनाव, मुंबईकरांना जे. जे. हॉस्पिटल आठवलं असेल). ते, जेफ्री बेकर, ॲलन डेट्स्की आणि त्यांचे सहकारी, यांनी एक थोडा आगाऊ प्रश्न विचारला. ही सगळी यंत्रं आणि रक्ततपासण्या बाजूला ठेवल्या आणि दोन डॉक्टरांना फक्त रुग्णाशी बोलू दिलं, अंगाला हात लावू दिला, तर काय होईल? त्यांनी ऑपरेशनसाठी आलेले ५९ रुग्ण घेतले. दोन डॉक्टरांनी वेगवेगळं तपासलं, एकमेकांना न सांगता. ८१ टक्के रुग्णांत दोघांचं मत सारखंच निघालं. आणि ज्यांना त्यांनी "कुपोषित" म्हटलं होतं, त्यांना ऑपरेशननंतर जंतुसंसर्ग जास्त झाले आणि हॉस्पिटलात जास्त दिवस काढावे लागले. म्हणजे हात जे सांगत होता, ते पुढे खरं ठरत होतं. हे १९८२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं. १९८७ मध्ये डेट्स्की यांनी ती पद्धत पायरीपायरीनं लिहून काढली, म्हणजे नवशिक्यालाही शिकता येईल.

त्या पद्धतीच्या नावातच "सब्जेक्टिव्ह" आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्यातला इंजिनिअर दुखावला. व्यक्तिनिष्ठ गोष्ट हा आमच्याकडे शिवीचा शब्द. पण नीट बघितलं तर हे "मला वाटतं बुवा" नाही. सहा महिन्यांत आणि शेवटच्या दोन आठवड्यांत वजन कसं बदललं, खाणं बदललं का, उलट्या-जुलाब दोन आठवड्यांहून जास्त चाललेत का, माणूस घरात वावरतो का पडून असतो, हे विचारायचं. मग दंडामागची आणि छातीवरची चरबी बघायची, खांदा आणि मांडीचे स्नायू बघायचे, घोट्याची आणि कंबरेखालची सूज बघायची, पोटात पाणी आहे का बघायचं. सगळं मनात एकत्र करून अ, ब किंवा क. गुणांची बेरीज नाही. बेरीज मुद्दामच नाही. काट्यानं जी चूक केली, सूज आणि मांस एकत्र मोजायची, ती हा हात करत नाही, कारण हाताला दोन्ही वेगवेगळी लागतात. पडून राहणाऱ्या म्हाताऱ्याची सूज घोट्याला नसून कंबरेखाली असते, हेही काट्याला कधी कळणार नाही.

म्हाताऱ्यांसाठी वेगळं काही सुरू व्हायला मात्र याच दशकाची वाट बघावी लागली. आणि तिथे पहिली अडचण निघाली उंचीची. म्हातारपणी मणके दबतात, पाठ वाकते, माणूस खरोखर बुटका होतो. बीएमआयमध्ये उंचीचा वर्ग खाली असतो, म्हणजे चूक दुप्पट वेगानं वाढते. माझ्या आजीचंच घ्या. जुन्या कागदावर उंची १५० सेंटिमीटर, ४६ किलोला बीएमआय २०.४. आता ती १४४ भरते. त्याच ४६ किलोला २२.२. एक कण न खाता तिचा बीएमआय "सुधारला"! उलट बाजूनं, तिचं वजन ३.६ किलोनं उतरून ४२.४ झालं असतं, तरी ॲपनं २०.४ च दाखवलं असतं. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या चमली आणि सहकाऱ्यांनी यावर एक छान युक्ती काढली. गुडघा काटकोनात दुमडून टाचेपासून गुडघ्यापर्यंतची उंची मोजायची आणि त्यावरून माणसाची मूळ उंची काढायची. पायाचं हाड पाठीसारखं दबत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचीही उंची अशी काढता येते.

दुसरी अडचण आपल्या जास्त जवळची. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचाच एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्या अंगात तेवढ्याच वजनाला स्नायू कमी असतात. त्यांचा विषय मधुमेह होता, म्हातारपण नव्हे. पण विचार करा, मुळातच स्नायूंची शिल्लक कमी घेऊन सत्तरीत शिरलेल्या माणसाचं त्यातलंही गेलं, तर काट्यावर काय दिसणार?

त्या जाण्याला नावही उशिराच मिळालं. १९८८ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात एक बैठक झाली. तिथे अर्विन रोझेनबर्ग म्हणाले की वयानुसार स्नायू जाणं ही एवढी मोठी गोष्ट आहे आणि तिला धड नावही नाही. त्यांनी ग्रीक शब्द जोडून "सार्कोपेनिया" सुचवलं. सार्क्स म्हणजे मांस. नाव मिळालं तसं लोक ते मोजायला लागले, निधी मिळायला लागला. आमच्याकडेही जिराचं तिकीट निघाल्याशिवाय बग खरा होत नाही.

१९९४ च्या सुमारास फ्रान्समधल्या तुलूजचे ब्रूनो वेलास, स्वित्झर्लंडमधल्या नेस्लेच्या संशोधन केंद्रातले इव्ह गिगो आणि न्यू मेक्सिकोचे फिलिप गॅरी यांनी खास वृद्धांसाठी एक छोटी प्रश्नावली पुढे आणली. एकूण ३० गुण. १७ च्या खाली गेलात तर कुपोषित. (नेस्ले हे नाव ऐकून तुमच्या भुवया उंचावल्या असतील. माझ्याही. पण प्रश्नावली जगभर स्वतंत्रपणे तपासली गेली आणि टिकली.) त्यात दंडाचा घेर आहे आणि पोटरीचाही. पोटरी ३१ सेंटिमीटरच्या खाली असेल तर गुण नाही. पुढे छोट्या आवृत्तीत अशी सोय केली की वजन-उंची घेता येत नसेल तर त्याऐवजी नुसती पोटरी मोजली तरी चालेल. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या डंडीत मॅकव्हर्टर आणि पेनिंग्टन यांनी भरती झालेले ५०० रुग्ण तपासले. २०० कुपोषित निघाले. त्या २०० पैकी फक्त ९६ जणांच्या कागदावर पोषणाबद्दल काहीतरी लिहिलेलं होतं. म्हणजे बटरवर्थच्या लेखाला वीस वर्षं झाली तरी कपाट बंदच.

पोटरीचीच गोष्ट पुढे जपानमध्ये गेली. टोक्योजवळच्या काशिवा शहरात टोक्यो विद्यापीठाच्या लोकांनी वृद्धांचा दीर्घ अभ्यास केला आणि "यूबी-वाक्का" नावाची तपासणी २०१८ मध्ये मांडली. यूबी म्हणजे बोट, वा म्हणजे कडं. खुर्चीत बसायचं, पावलं जमिनीला टेकलेली, आणि दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून आपल्याच पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती कडं करायचं. उजव्या हातानं कामं करत असाल तर डावा पाय. कडं पुरलं नाही तर चांगलं. नेमकं बसलं तर लक्ष ठेवा. बोटं जुळून आत फट राहिली तर स्नायू कमी असण्याची शक्यता बरीच जास्त. टेप नको, ॲप नको, उंचीचा हिशेबही आपोआप होतो, कारण कडं ज्याच्या त्याच्या हाताचं असतं. हे निदान नाही, चाळणी आहे. आणि आधी नडगी दाबून बघा, नाहीतर सुजलेली पोटरी तुम्हालाही तसंच फसवेल जसं काट्यानं मला फसवलं.

तोंडाबद्दल सांगायचं राहिलं. त्या डॉक्टरनं कवळी का काढायला लावली? हिरड्या बघायला, हे एक. बायको गेल्यावर चहा-टोस्टवर दिवस काढणाऱ्या एकट्या म्हाताऱ्यांत इंग्लंडमध्ये स्कर्व्ही सापडायचा, त्याला "विधुरांचा स्कर्व्ही" असंच म्हणत. हिरड्यांतून रक्त, पायावर केसांच्या मुळाशी लाल ठिपके, स्प्रिंगसारखे वळलेले केस. खलाशांचा रोग स्वयंपाकघरात आलेला. आजीच्या हिरड्या ठीक निघाल्या. पण कवळी सैल होती, इतकी की बोलतानाही ती जिभेनं धरून ठेवायची. भाकरी चावत नव्हती. कुणाला सांगितलं नाही, कारण नवीन कवळीला पैसे लागतात आणि आजोबांच्या आजारपणात आधीच खर्च झालेला. म्हणून सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी चहात खारी, रात्री "पोट भरलंय". मी शीटमध्ये रंग भरत होतो तेव्हा हे चाललं होतं.

डॉक्टरनं हृदय आणि किडनी तपासून घेतली, मग बीपीची गोळी बदलली (कृपया, हे डॉक्टरनंच करायचं असतं). सूज उतरली आणि तीन आठवड्यांत काटा ४३ वर आला. माझ्या शीटमध्ये पहिल्यांदा लाल रकाना उमटला, नेमका ती बरी व्हायला लागली तेव्हा.

नवी कवळी झाली. दुधात कुस्करलेली भाकरी, घट्ट वरण, दही, शेंगदाण्याचा कूट घातलेल्या भाज्या. अंडं ती खात नाही, माळकरी आहे. रोज खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचं, हे तिला सगळ्यात हास्यास्पद वाटतं. शीटमध्ये आता पोटरीचा रकाना आहे, महिन्यातून एकदा. त्याला रंग लावलेले नाहीत.

पाडव्याला काकूनं ब्लाउजची एक टीप उसवली. दुसरी अजून तशीच आहे.

चला, पुढच्या भागात भेटू.